कधीपासून दिसत नाही?

ज्याला लांबचं दिसत नाही, त्याला लांबचं दिसत नाही हे ठाऊकच नसतं. पाचवी-सहावीतल्या मुलाला वाटतं, फळा हा असाच असतो : काळपट-हिरवा, त्यावर पांढुरका धूर, आणि त्या धुरासमोर उभ्या राहून बाई काहीतरी समजावून सांगताहेत. वर्गातली बाकीची मुलं त्या धुरातून भराभर वहीत उतरवून घेतात ती त्यांच्या हुशारीमुळे, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. आपल्याला ते जमत नाही म्हणजे आपण जरा ढ. डोळ्यांवर संशय जातच नाही. कसा जाणार? हेच डोळे गोष्टीचं पुस्तक, डब्यातली पोळी-भाजी आणि शेजाऱ्याच्या कंपासपेटीतलं नवं खोडरबर अगदी चोख दाखवत असतात.

त्यातून लिपी देवनागरी. टिंबं, गाठी आणि बारीक रेघा यांच्यावर तिचा सगळा कारभार, आणि नजर धूसर झाली की आधी गळतात ती नेमकी हीच मंडळी. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांच्यात जो काही फरक आहे तो पहिल्या बाकापाशीच संपतो. अनुस्वार तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. बाईंनी फळ्यावर 'चिंता' लिहिलेली असते, वहीत 'चिता' पेटते. गणितात पहिला बळी दशांशचिन्हाचा. फळ्यावरचे १२.५ वहीत १२५ होतात, आणि साडेबारा रुपयांचं पेन सव्वाशेला पडल्यामुळे बुडालेल्या त्या दुकानदाराचा शेकडा नफा काढताना मुलाच्या नाकी नऊ येतात. तपासलेल्या वहीत लाल शेरा येतो : 'लक्ष कुठे असते?' लक्ष बिचारं फळ्यावरच असतं.

जन्माला येताना माणसाचा डोळा पुढून मागे जेमतेम १६-१७ मिलिमीटर असतो. मोठेपणी तो २४ च्या आसपास थांबावा अशी अपेक्षा. काही डोळे थांबायचं विसरतात. ते जरा जास्त लांबले की समोरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर पोचेपर्यंत फिसकटते. जादा मिलिमीटरला साधारण अडीच-तीन नंबर, असा दर आहे. अंतर्गोल भिंग लावलं की प्रतिमा मागे सरकून जागेवर बसते, हे केप्लरने १६०४ साली समजावून सांगितलं, म्हणजे ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे सांगायच्याही आधी. दहावीच्या विज्ञानात भिंगांच्या धड्यात ही आकृती काढावी लागते. ज्यांना ती सगळ्यात जास्त उपयोगाची, त्यांना ती फळ्यावर दिसत नाही.

नंबर आणि अंतर यांचा हिशेब तोंडी करता येतो. एकाला नंबराने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. नंबर उणे एक असेल तर एक मीटरपर्यंतचं जग स्वच्छ. उणे दोन, तर अर्धा मीटर. उणे चारवाल्याचं जग नाकापासून पाव मीटरवर संपतं, त्यापुढे सगळी अफवा. पहिला बाक फळ्यापासून दोन मीटरवर धरला तर उणे अर्धा नंबरवाल्याचं तिथे निभतं. पण आपल्या शाळांत बसवतात उंचीप्रमाणे. बुटकी पुढे, उंच मागे. त्यामुळे सहावीत अचानक ताडमाड वाढलेली मुलगी शेवटच्या बाकावर जाते आणि त्याच सुमारास तिचे मार्क घसरतात. घरी याची मीमांसा 'मागे बसून टवाळक्या करते' अशी होते.

या मुलांची उपाययोजना मात्र बघण्यासारखी असते. वर्गातला केराचा डबा बहुधा फळ्याशेजारी ठेवलेला. अशा मुलाच्या पेन्सिलीचं टोक एका तासात चार-पाचदा मोडतं. तो उठतो, डब्यापाशी जातो, शार्पनर फिरवता फिरवता दोन ओळी पाठ करतो, जागेवर येऊन लिहून काढतो, आणि पुन्हा टोक मोडतो. पेन्सिल संपत आली की पाणी प्यायला जाऊ का, मग खडू आणून देऊ का. बाईंना वाटतं, मूल चुळबुळं आहे पण मदतीला तत्पर. दुसरा मार्ग शेजाऱ्याच्या वहीचा. तो फुकट नसतो. रव्याच्या लाडवावर ठरलेला हा सौदा शेजारी ज्या दिवशी गैरहजर असेल त्या दिवशी कोसळतो. शिवाय शेजाऱ्याच्या चुकाही जशाच्या तशा येतात. तिसरा मार्ग कानांचा. बाई लिहिता लिहिता बोलतात, तेवढ्यावर वही भरायची. पण काही शिक्षक मौन धरून लिहितात. त्यांच्या तासाला काही इलाज नाही.

आणि मग मूठ. कुठल्याही पुस्तकात न वाचता पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हा शोध आपला आपण लावलेला आहे. मूठ सैल वळायची, मधे जेमतेम तांदळाचा दाणा जाईल एवढं भोक ठेवायचं आणि त्यातून फळ्याकडे बघायचं. अक्षरं उमटतात! बारीक भोकातून कडेचे, इकडेतिकडे सांडणारे किरण अडतात आणि डागाळलेली प्रतिमा आवरते. डोळे किलकिले करणं हा त्याच युक्तीचा बिनहाताचा प्रकार. मात्र एका डोळ्याला मूठ लावून बसलेलं मूल बाईंना दुर्बीण-दुर्बीण खेळताना दिसतं, आणि किलकिल्या डोळ्यांनी बघणारं मूल तोंड वेंगाडताना. दोन्हीची शिक्षा एकच : बाकावर उभं राहणे. त्याने उंची वाढते, फळा जवळ येत नाही.

शाळेबाहेर वेगळे पेच. एसटी स्टँडवर लागलेल्या गाडीची पाटी वाचता येत नाही, म्हणून मूल कंडक्टरला विचारतं, आणि पाटीखालीच उभं राहून विचारल्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून घेतं. क्रिकेटमध्ये त्याला सीमारेषेवर उभं करतात. चेंडू आला हे त्याला बाकीच्यांच्या ओरडण्यावरून कळतं आणि कुठे गेला ते शिव्यांवरून. लवकरच त्याची कायमची अंपायर म्हणून नेमणूक होते. ज्याला कमी दिसतं त्याला निर्णय द्यायला बसवायचं ही पद्धत गल्लीतही आहे. माणसं तो चालीवरून, साडीच्या रंगावरून, छत्रीवरून ओळखतो. समोरच्या काकूंनी नवी साडी नेसली की घोटाळा. त्या हात हलवतात, हा सरळ पुढे जातो, आणि संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी, 'तुमच्या धाकट्याला शिंगं फुटली हो, ओळखसुद्धा देत नाही.' त्यानंतर तो सावध होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसायला लागतो. यात एकदा लेटरबॉक्सचाही नंबर लागतो.

इतकं होऊनही सांगायचं का नाही? मोठी माणसं तरी कुठे सांगतात! लग्नात अरुंधतीदर्शन असतं. सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची ती बारीक चांदणी. दोघांत अंतर सुमारे १२ कलांचं, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी. तिची गणना नजरेच्या जुन्या कसोट्यांत होते. आपल्याकडे मुहूर्त दुपारचा, वर हॉलचा पंखा. गुरुजी पंख्याच्या दिशेने बोट करून विचारतात, 'दिसली?' आणि उणे साडेतीन नंबरचा, फोटोसाठी चष्मा काढून बसलेला नवरामुलगा बेलाशक 'दिसली' म्हणतो. पंक्तीची वेळ झालेली असताना कुणी वाद घालत नाही.

शाळेत डोळे तपासायला डॉक्टरांची तुकडी येते. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी असते. त्याची सुरुवात २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. व्यवस्था चांगली आहे, पण मुलांपुढे तिचं काही चालत नाही. स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली केलेला तो अक्षरांचा तक्ता भिंतीला लागतो. सहा मीटरवरून वाचायचा. सगळ्यात वरचं अक्षर पावणेनऊ सेंटिमीटर उंच आणि निरोगी नजरेला वाचता यावी ती ओळ बरोबर त्याच्या दहाव्या हिश्शाची, पावणेनऊ मिलिमीटर. मुलं रांगेत उभी. पहिला मुलगा मोठ्याने वाचतो, दुसरा वाचतो, तिसरा वाचतो. विसाव्या मुलाचा नंबर येईपर्यंत सगळ्या वर्गाचा तक्ता पाठ झालेला असतो, आणि पाठांतर तर आपल्या शाळांत चांगलं करून घेतात. एक डोळा तळहाताने झाकायला सांगितलं की मूल तो इतका दाबून धरतं की पुढच्या फेरीत त्याला खरोखरच अंधुक दिसतं. नाहीतर बोटांच्या फटीतून दोन्ही डोळे कामाला लावतं. भिंगांचा नंबर ज्या 'डायॉप्टर'मध्ये मोजतात ते एकक १८७२ साली मोनोये नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सुचवलं. त्यांनीही स्वतःचा एक तक्ता केला आणि ओळींच्या टोकांच्या अक्षरांत आपलं नाव दडवून ठेवलं. तक्ता पाठ करणाऱ्या एखाद्या मुलाला ते नक्की सापडलं असणार.

पास झालेलं मूल नापासाचा डोळा घेऊन घरी येतं. आता खरं संकट सुरू होतं.

सर्दी झाली, पाय मुरगळला, गालगुंड आलं तर मूल धावत येऊन सांगतं. त्यावर मऊ भात मिळतो आणि शाळेला दांडी. डोळ्यांचं तसं नाही. ताप येतो, पण नंबर मात्र मुलाने 'लावून घेतलेला' असतो. कलमं आधीच तयार असतात : टीव्हीला नाक लावून बसणे, आडवं पडून वाचणे, मेथीची भाजी ताटाच्या कडेला सारणे, आणि सर्वांत गंभीर, मोबाइल. एकदा का 'दिसत नाही' हे शब्द तोंडातून गेले की मोबाइल जप्त होणार आणि तो दहावी होईपर्यंत सुटणार नाही, हे सहावीतल्या मुलाला व्यवस्थित कळतं. दिसत नाही म्हणून सांगितल्यावर आहे तेही बघायला मिळणार नसेल, तर गप्प बसण्यातच शहाणपण. हा निर्णय चुकीचा असेल, पण बिनडोक नाही.

मोबाइलची बाजू कुणी घ्यावी असं नाही. तरीपण १८६७ साली ब्रेस्लाऊ शहरात हेर्मान कोन या डॉक्टरांनी दहा हजारांवर शाळकरी मुलांचे डोळे तपासले, तेव्हा वरच्या वर्गात जावं तशी ऱ्हस्वदृष्टी वाढत जाते असं त्यांना आढळलं. त्या मुलांच्या घरी मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, विजेचा दिवाही नव्हता. अभ्यास होता. हा निष्कर्ष अजून एकाही आईला पटवता आलेला नाही. दक्षिण कोरियात सोलमधल्या १९ वर्षांच्या तरुणांची सैन्यभरतीसाठी झालेली तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तर ९६.५ टक्के पोरांना लांबचं दिसत नव्हतं. तो देश शिकवण्यांसाठी आणि परीक्षांसाठी जगभर प्रसिद्ध आहे, तेव्हा या आकड्याचं आश्चर्य नाही. दिल्लीच्या शाळांत २०१५ च्या पाहणीत हे प्रमाण १३.१ टक्के निघालं. आपली प्रगती सुरू आहे.

आजीचे उपाय निराळे. सकाळी दवात भिजलेल्या गवतावर अनवाणी चालायचं, रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासून घ्यायचे, बदाम, गाजर. गाजरातून मिळणारं जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरं. पण लांबलेला डोळा गाजराने आखूड होत नाही. गंमत गवताची आहे. ताज्या अभ्यासांवरून असं दिसतं की मुलं दिवसाउजेडी बाहेर राहिली तर ऱ्हस्वदृष्टी व्हायची शक्यता कमी होते. वर्गातला उजेड काहीशे लक्स, तर बाहेर सावलीतसुद्धा काही हजार. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर काढायचा कार्यक्रमच हाती घेतला. म्हणजे आजीचं गवत आणि अनवाणी पाय गेले चुलीत, पण 'बाहेर जा' एवढं बरोबर होतं. आणि 'उन्हात हुंदडू नको, घरात बसून अभ्यास कर' हे जे आई-बाबा वर्षानुवर्षं बजावत आले ते डोळ्यांच्या मुळावर आलं. याबद्दल कुठल्याही घरात आरोपपत्र दाखल झाल्याचं ऐकिवात नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक भानगड. लग्नाच्या बायोडेटात उंची, वर्ण, रास, नाडी यांच्या रांगेत 'चष्मा : नाही' अशी ओळ अजून सापडते. त्यामुळे बारा वर्षांच्या पोरीला फळा दिसत नाही म्हटल्यावर एखाद्या आत्याच्या डोळ्यांसमोर थेट मांडव उभा राहतो, आणि तोही रिकामा.

अमेरिकेत १८७२ साली तेरा वर्षांच्या एका मुलाला वडिलांनी बंदूक आणून दिली. बरोबरची मुलं धडाधड नेम मारत होती. याला ती कशावर मारताहेत तेच दिसत नव्हतं. एके दिवशी मित्रांनी लांबच्या फलकावरची जाहिरात मोठ्याने वाचली. अक्षरं प्रचंड होती, पण याला तिथे अक्षरं आहेत हेच तोवर माहीत नव्हतं. त्याने घरी जाऊन वडिलांना सांगितलं आणि थोड्याच दिवसांत चष्मा आला. जग इतकं सुंदर आहे याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. हा मुलगा थिओडोर रूझवेल्ट. पुढे १९१२ साली मिलवॉकीत कुणीतरी त्याच्यावर गोळी झाडली. ती खिशातल्या ५० पानी भाषणाच्या घडीतून आणि चष्म्याच्या धातूच्या डबीतून जाताना मंदावली, म्हणून तो वाचला. छातीत गोळी घेऊन त्याने ते भाषण केलंही. या गोष्टीतला अविश्वसनीय भाग गोळीचा नाही. मुलाने सांगितलं आणि वडिलांनी 'कधीपासून?' असं न विचारता चष्मा आणला, हा आहे.

आपल्याकडे 'कधीपासून' टळत नाही. सांगण्याची पूर्वतयारी आठवडाभर चालते. आधी डोकं दुखतं, कारण डोकं दुखणं निर्दोष असतं. त्यावर आलं घातलेला चहा आणि बाम मिळतो, डोळ्यांपर्यंत कुणी येत नाही. मग आजीच्या कानावर घालून बघायचं. आजी तळपाय घासते. अखेर एका संध्याकाळी आई भाजी निवडत असताना, म्हणजे तिचे हात गुंतलेले असताना, मुलगी गवारीची शेंग मोडता मोडता म्हणते,

'आई, मला ना, फळ्यावरचं नीट दिसत नाही.'

'कधीपासून?'

हा प्रश्न सापळा आहे. 'जूनपासून' म्हटलं तर इतके दिवस लपवल्याचा गुन्हा. 'कालपासून' म्हटलं तर आज लगेच काही करायला नको. मुलगी मधला आकडा निवडते.

'दिवाळीनंतर.'

'तरी सांगत होते! सुट्टीभर तो मोबाइल. बघा हो, ऐकलंत का, हिला दिसत नाहीये.'

बाबा वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत असतात. त्यांची चाळिशी या घरात अजून कुणी उघड केलेली नाही. ते म्हणतात, 'आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नव्हता.' यावर आई निवडलेली गवार बाजूला ठेवते. आजोबांच्या जाड भिंगांचा, एका काकांच्या लेन्सचा आणि लग्नाआधीच्या एका फोटोचा विषय निघतो. आई-वडील दोघांनाही ऱ्हस्वदृष्टी असली तर मुलाला ती होण्याची शक्यता बरीच वाढते, हे खरं. पण या घटकेला ज्या दोन घराण्यांची वंशावळ चाळली जात असते त्यांत मुलीचा फळा पार मागे पडतो. ती शांतपणे शेंगा मोडत बसते. तिच्या दृष्टीने काम झालेलं असतं. गोष्ट सांगून झाली, आता भांडण त्यांचं ते बघतील.

दवाखान्याची खोली लहान, तीन मीटरचीच असते. म्हणून तक्ता डोक्यामागे उलटा टांगलेला आणि समोर आरसा. जाऊन-येऊन सहा मीटर. त्याआधी एका यंत्रात हनुवटी टेकवायची. आत लांबवर जाणारा रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. तो धूसर होतो, स्पष्ट होतो, आणि आकडा छापून बाहेर येतो. त्या आकड्यावर विसंबता येत नाही. लहान मुलांच्या डोळ्याचे स्नायू जवळचं बघायला इतके तत्पर असतात की नंबर आहे त्याहून जास्त दिसू शकतो. म्हणून डोळ्यांत थेंब घालून ते स्नायू सैल करतात, त्याने बाहुल्याही मोठ्या होतात. मग काही काळ, औषधाप्रमाणे काही तास किंवा दोन-तीन दिवस, जवळचं वाचता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीनिशी अभ्यासाला बंदी, हा मुलीच्या आयुष्यातला पहिला निखळ आनंद. त्यानंतर नाकावर ती लोखंडी, गोल, जड चौकट आणि खटाखट बदलणाऱ्या काचा.

'हे बरं की हे?'

'हे.'

'आणि आता? हे की आधीचं?'

परीक्षा म्हटली की उत्तर बरोबरच यायला हवं, अशी तिची शिस्त. ती डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून अंदाज घेऊ बघते. तो अर्थात दिसत नाही. शेवटी डॉक्टर लिहितात : उजवा उणे दोन, डावा उणे सव्वादोन. आणि सहज बोलून जातात, 'हा काही दिवाळीनंतरचा नंबर नाही हं.' आई मुलीकडे बघते. आता तिची नजरसुद्धा मुलीला पहिल्यांदाच स्वच्छ दिसते, चौकट अजून नाकावरच असते.

बाहेर बसलेल्या एक काकू सल्ला देतात, 'पूर्ण नंबरचा नका हो घेऊ, डोळ्यांना सवय लागते. अर्ध्याचाच करा.' मलेशियात ९४ मुलांवर असाच प्रयोग करून पाहिला गेला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला त्यांचा नंबर जास्त वेगाने वाढला. पण या काकू सगळ्या दवाखान्यांत बसलेल्या असतात.

चष्म्याच्या दुकानात मुलीला हवी असते पातळ, सोनेरी काडीची फ्रेम. बाबांना हवी असते 'रफ-अँड-टफ'. किमतीचं लेबल ते हात लांब करून वाचतात, मग आणखी लांब करतात, मग दुकानदारालाच विचारतात. गणवेश जसा दोन वर्षं पुरावा म्हणून ढगळ घेतात तसा चष्माही वाढत्या चेहऱ्याच्या हिशेबाने ढगळ घेतला जातो. दुकानदार सांगतो की काचेचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यायला पाहिजे. त्यावर बाबा विचारतात, 'पुढच्या वर्षी येईल ना?' काचा फायबरच्या ठरतात. दोरी फुकट मिळते. मुलगी घरी जाईपर्यंत ती दप्तरात खोल पोचवते.

पहिल्या दिवशी जमीन जरा खाली गेल्यासारखी वाटते, जिन्यात पाय अंदाजाने टाकावा लागतो. अंतर्गोल काचेतून सगळं किंचित लहान दिसतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजता येतात. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसते आणि तसं बोलून दाखवल्यावर फडकंही हातात मिळतं. वर्गात बाईंच्या साडीवर बुट्टे आहेत हे कळतं. फळ्यावर तर एवढं काही असतं की इतके दिवस आपण पास झालो कसे, हे मुलीलाच उमजत नाही.

मधल्या सुट्टीत नामकरण होतं : चष्मिस, ढापणी, बॅटरी. कल्पकता शून्य. ही नावं तीन पिढ्या बदललेली नाहीत. परिणाम मात्र होतो. चष्मा दप्तरातल्या डबीत जातो आणि घराच्या कोपऱ्यावर आल्यावर पुन्हा नाकावर चढतो. हे आपल्याकडेच चालतं असं नाही. चीनमध्ये चौथी-पाचवीच्या सुमारे वीस हजार मुलांचे डोळे तपासून काही शाळांत गरजू मुलांना फुकट चष्मे दिले गेले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चष्म्याने गणिताचे गुण वाढले. वर्षअखेर 'चष्मा लावता का?' असं विचारलं तेव्हा फुकट चष्मा मिळालेल्या ६८ टक्के मुलांनी हो म्हटलं. प्रत्यक्ष बघितलं तेव्हा तो ४१ टक्क्यांच्या नाकावर होता. उरलेल्या २७ टक्क्यांशी या मुलीची पटकन मैत्री होईल.

घरात आणखी एक जण हे सगळं बारकाईने बघत असतो. तिसरीतला धाकटा भाऊ. ताईला पहिला बाक मिळाला, ताईला मखमली अस्तराची डबी मिळाली, पापड मोजले म्हणून आजीने कौतुक केलं. पंधरा दिवसांनी त्यालाही दिसेनासं होतं. इथे आईने 'कधीपासून' विचारलं नाही, थेट दवाखाना गाठला. अशी मुलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेहमी येत असतात. त्याने आरशातल्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर वाचलं आणि पुढे जड आवाजात सांगितलं, 'बाकीचं सगळं पांढरं आहे.' डॉक्टरांनी ती लोखंडी चौकट त्याच्या नाकावर ठेवली, अधिक दोनची काच घातली, तिच्यावर उणे दोनची बसवली. बेरीज शून्य. 'आता बघ बरं, खास नंबर आहे हा.'

'दिसतंय!' म्हणत तो सुटला तो थेट तळच्या ओळीपर्यंत. आणि तिच्याही खाली, कोपऱ्यात, आरशामुळे उलटं दिसणारं तक्ता छापणाऱ्या कंपनीचं नावसुद्धा त्याने अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं.